उधारीच्या वहीची मागची पानं

समोरून उघडली तर दळणाची उधारी,
उलटून उघडली तर पूर.
एकच वही. दोन्हीकडून पिठाळलेली.

नथ्थू म्हणाला, मावशी, तूच लिही,
तुझ्याएवढी घरं कोणाला ठाऊक?
तर लिहिलं, वैशाखात,
गिरणीचा पट्टा थंड होईस्तोवर:

लोटनची आई – ऐकू येत नाही. डाव्या खांद्याला हात लावून उठवायची.
हिलाल कोळी – दमा. पंप देवळीत, दिव्याच्या मागे.
केवळबाईची म्हैस – दावं खुंट्याशी सोडा, गळ्याशी गेलात तर मारते.
हुसनोद्दीन टेलर – इन्सुलिन डेअरीच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पिशव्यांखाली.
रुखमाची सून – सातवा.
(श्रावणात खोडून: दहावा. मोजायला मीच चुकले होते.)

मंडळ म्हणजे काय, तेरा जण.
सात ट्यूब, त्यातल्या दोन पंक्चर.
केळीचे खांब बांधायला काथ्याचा दोर,
भाजीवाल्याचा भोंगा, जो मध्येच
‘मेथी घ्या मेथी’ म्हणायचा.
तालीम घेतली तेव्हा गाव ओट्यावर बसून हसलं.
झिपाबाई बुडाली रे, पोरं ओरडली,
आणि झिपाबाई, कोरडी ठणठणीत,
खाटेसकट खांद्यावर जाताना
तंबाखू मळत होती.

तलाठी आला, वहीचे फोटो काढून गेला.
त्याच्या कागदावर खरदखेडे म्हणजे
कुटुंबे, दोनशे चौदा.
आकड्याला कोणत्या खांद्याला हात लावून उठवायचं?

भादव्यात, रात्री सव्वाअकराला त्याचाच फोन.
हतनूरची दारं उघडली. पाणी पहाटेपर्यंत तुमच्याकडे.
इथं पाऊस नव्हता. टिपूर चांदणं.
चांदण्यात पूर येतो हे माणसाला पटत नाही,
म्हणून नुसता वाद घालायला
आम्ही दोघं वेगळी ठेवली होती.

‘माले कोठेच जानं नई,’ लोटनची आई म्हणाली.
खांदा डावाच होता.
मग नातसुनेनं तिची देवाची पेटी उचलली नि चालू लागली.
हेही वहीत होतं: आधी पेटी न्या, माणूस मागून येतं.

टेकडीवरच्या आश्रमशाळेत बॅटरीच्या उजेडात
एकेका नावावर रेघ मारत गेले.
साडेतीनला शेवटची.
नथ्थूनं शिट्टी फुंकली. झालं.

मी वही मिटायला गेले
आणि ती समोरून उघडली.

मंगळवार. ज्वारी, दोन किलो. पावरा बाई, कडेवर पोर. उधार.

नाव विचारलं नव्हतं.
नाल्यापलीकडे, धनराजच्या केळीत,
वाळल्या पानांची झोपडी.
गावचे घड कापतात, गावात राहत नाहीत.

सुपडूनं काही विचारलं नाही. दोन ट्यूब उचलल्या.
टेलरचा नासिर त्याच्यामागे.
खाली अंधारात भोंगा म्हणाला, मेथी घ्या मेथी.
कोणी हसलं नाही.

उजाडताना आली. छातीपर्यंत गाळ,
पोर सुपडूच्या डोक्यावर,
कोंबडी बाईच्या काखेत, जिवंत, रागावलेली.
बाईचा नवरा शेवटी, दोर कमरेला.
मी आधी नाव विचारलं, मग पाणी दिलं.
क्रम चुकला, कळतंय.
रेवली, ती म्हणाली. तो डेमा.
पोराचं अजून ठेवायचंय.

तापी दोन दिवस गिरणीत राहिली.
मोटार गेली, पट्टा गेला, वही माझ्या कमरेला होती.
तलाठी पुन्हा आला, मोबाइल काढून.
त्याला मी मधलं पान दाखवलं,
जिथं उधारी आणि पूर एकमेकांना भेटतात:

रेवली, डेमा, एक पोर. दोन किलो. नाल्यापलीकडे.
कोंबडी घेतल्याशिवाय निघणार नाही.