बेगमी

जार्क्कोच्या वहीत सगळं आहे.
बटाटे तीनशे किलो, तळघरात. गाजरं वाळूत पुरून.
लिंगोनबेरीच्या बरण्या एकेचाळीस
(बेचाळिसावी ईतूनं जिन्यावर फोडली,
तीही लिहिली आहे, खोडून).
खारवलेल्या मासळीचे दोन बुधले,
वाळवलेली अळंबी माझ्या जुन्या मोज्यांत,
आणि मेणात बुडवलेल्या काड्या, कारण ओली काडी
म्हणजे, तो म्हणतो, नुसतं लाकूड.

तहान लागल्यावर विहीर खणणारी माणसं त्याला आवडत नाहीत.
हे त्यानं मला लग्नाआधीच सांगितलं होतं,
काइनूतल्या एका बसथांब्यावर,
खिशातून सुतळी, चाकू
आणि दोघांपुरतं चॉकलेट काढत.
चॉकलेट बघून मी हो म्हटलं.
सुतळीचं नंतर कळलं.

सुतळीचं म्हणजे:
जुन्या गॅसटाकीची शेगडी, जिनं पहिल्याच दिवशी
पडवीचा पडदा खाल्ला.
राखेच्या पाण्याचा साबण, जो मळाबरोबर
हाताची सालही घेऊन गेला.
सायकलवर पेटणारा दिवा. हेल्का पेडल मारते,
ईतू गणितं सोडवतो,
आणि गणित सोपं निघालं की
हेल्का नेमकी दमते.

मग ऑक्टोबरची ती रात्र.
बर्फ अजून यायचं होतं. वारा आला
तळ्यावरून, कुणी बोलावलं नसताना.
पाईनची झाडं तारांवर आडवी झाली.
फ्रीज गप्प झाला, तेव्हा कळलं
घर इतके दिवस किती बडबडत होतं.
जार्क्को अंधारात उठून बसला.
खरं सांगते, तो हसत होता.

दोन दिवस आम्ही राजे.
तिसऱ्या दिवशी, मेंढ्यांना पाजता पाजता,
कॅन तळाला लागले.
जार्क्को ऐटीत विहिरीवर गेला.
हातपंप त्याचाच, भंगारातून आणलेला,
हिरवा रंग दिलेला, दोन वर्षं न वापरलेला.
दांडा खाली. दांडा वर.
पंप दमेकऱ्यासारखा धापा टाकत राहिला.
जार्क्कोनं तो उघडला, जोडला,
शिव्या दिल्या, मग हळूच माफी मागितली.
आत, आठ हातांवर, पाणी चमकत होतं.
वर आम्ही चौघं, कोरडे.

तेवढ्यात टेकाडावरची लेम्पी आली. वय शहाऐंशी.
तिच्याकडे वही नाही, टॉर्चसुद्धा नाही.
आमच्या वहीत मात्र ती आहे, पान नऊ:
‘लेम्पीला आपल्याकडे आणणे.’
ती आपली आपण आली होती, मीठ मागायला.
पंपाभोवती एक फेरी मारली, कान लावला,
म्हणाली, ‘तहानलाय.
त्याला आधी पाज.’

जार्क्कोनं शेवटचा कॅन पोटाशी धरला.
तळाशी तांब्याभर असेल नसेल.
जन्मभर साठवणारा माणूस,
त्याचा हात ओतायला वळेना.
हेल्कानं आपला चहाचा मग उचलला,
कोमट, मध घातलेला,
आणि पंपाच्या तोंडात रिकामा केला.

आतलं वाळकं कातडं कुरकुरलं.
लेम्पी म्हणाली, थांब. आम्ही थांबलो.
लेम्पी म्हणाली, आता.
दांडा जड लागला, जाळ्यात काहीतरी लागल्यासारखा.
मग गंज आला,
मग माती,
मग पाणी, इतकं गार
की ईतू ओरडला आणि मेंढ्यांनी उत्तर दिलं.

रात्री मेणबत्तीशी जार्क्को वही उघडून बसला.
बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग ‘हातपंप’ या शब्दाखाली, बारीक अक्षरात:
‘एक मग पाणी. न पिता ठेवणे. पंपासाठी.’
ईतूनं त्याखाली पेन्सिलीनं जोडलं:
‘मध ऐच्छिक.’

लेम्पीची मिठाची पुडी ओट्यावरच राहिली होती.
आधी माझ्या लक्षात आलं, मग त्याच्या.
त्यानं बूट घातले, पुडी खिशात टाकली,
आणि बरण्यांपाशी जाऊन
दोन उचलल्या.
वहीत आकडा अजून
एकेचाळीसच आहे.