जादा

दोन आहेत.
एक दुनळी, बारा बोअरची, पीक संरक्षणाच्या परवान्यावर,
रानडुकरं भुईमुगात शिरली की हवेत बार काढायला.
दुसरी रायफल. तीनशे पंधरा. हैबतमामाची.
मामा गेल्यावर वारसानं माझ्या नावावर चढली तेव्हाच
पाटणच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं होतं,
"ही जादा कशाला?"

शिकार बंद झाली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली.
तेव्हापासून ती घराबाहेर पडते फक्त निवडणुकीला.
ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा,
आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा,
निकाल लागला की परत.
पावत्या ठेवल्यात सगळ्या, बिस्किटाच्या डब्यात.
माझं मत दोनदा हुकलं.
तिची हजेरी एकदाही नाही.

तेजस्विनी म्हणते, विका.
पोरं मोठी व्हायला लागली,
कपाटाला कुलूप आहे, पण किल्लीचं काय सांगावं.
सूनबाईचं बरोबर आहे.
मुलगा म्हणतो, राहू द्या, शोभेला.
त्याला ती धरायची कशी ते ठाऊक नाही,
फोटोत उलट्या खांद्याला लावतो.

मला जे ठाऊक आहे ते सांगितलेलं नाही कुणाला.

मोरणेच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळ्यांत,
धुकं गुडघ्याएवढं.
पलीकडून हाकारे ओरडत येत होते
आणि भेकर थेट माझ्यासमोर येऊन थांबलं.
बारा पावलांवर. एकच कान हलला त्याचा.
मी चाप ओढला नाही.
दया आली, असं म्हणायला आवडलं असतं.
तसं काही नव्हतं. बोटच आलं नाही आत,
मास्तरांची पट्टी बसल्यावर
पाटीवर अक्षर उमटत नाही, तसं.

मामा धापा टाकत आला.
"बार का नाही काढलास?"
म्हटलं, "काढला. उडाला नाही."
त्यानं काडतूस बाहेर घेतलं, उजेडाकडं धरलं,
आणि घरापर्यंत शिव्या दिल्या
काडतुसाला, दुकानदाराला, दमट हवेला.
मला एकही नाही.
पिनेची खूण नव्हती काडतुसाच्या बुडाला. असणार कुठून?
त्यानं ते बघितलं की नाही,
हे मी त्याला सतरा वर्षं विचारलं नाही,
आणि मग तो गेला.

गेल्या महिन्यात संग्रामच्या जीपमधून साताऱ्याला नेली.
हकीमुद्दीन शेठनं नळीला डोळा लावला, मग गज घातला.
गज अडला.
ठोकला तशी काउंटरवर माती सांडली,
कुंभारणीचं घर, कडक झालेलं,
आत वाळके कोळी, पाय मुडपून.
"बार काढला असतात तर हात गेला असता, काका."

दर खंडेनवमीला झेंडू वाहत होतो.
तेलाच्या बोळ्यानं पुसत होतो, बाहेरून.
आणि आत एक माशी
माझ्या खोटेपणाला खरं करत बसली होती,
तोंडातून माती आणून आणून.

शेठ म्हणाला, साफ करून चालेल अजून, पंधरा हजार देतो.
विचार करतो, म्हणालो. ठेवून आलो त्याच्याकडं, पावती घेऊन.
डब्यात आणखी एक.

त्या रात्री डुकरं आली.
दुनळी उचलली, आणि कधी नव्हे ते आधी मोडून
दोन्ही नळ्यांत फुंकर घातली.
वारा पलीकडं गेला.
तेवढ्यात डुकरंही गेली.

मंगळवारी परत साताऱ्याला.
अर्जात एक रकाना होता, 'विक्रीचे कारण', दोन बोटं रुंद.
वय लिहावं, की जागा नाही, की सून?
पेन बराच वेळ तसंच धरलं.
मग लिहिलं: बार उडत नाही.

शेठनं वाचलं. चष्म्यावरून बघत म्हणाला,
"आता उडतो की, काका. मीच साफ केलीय."
"असू दे," म्हटलं.

त्यानं कागद उजेडाकडं धरला.
थोडा वेळ तसाच धरून ठेवला.
मग काही न बोलता
शिक्का शोधायला लागला.