चोवीस असद

मंगळवारी दिल्लीला मुलाखत आहे मर्झियाची.
आज शुक्रवार.
मी ऑफिसर होऊन बसले आहे
स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी,
चष्मा नाकावर, पुढ्यात वही
आणि मध्ये सेवउसळीच्या दोन रिकाम्या वाट्या.
त्या तिनं उचलल्या.
ऑफिसरसमोर वाट्या नसतात, म्हणाली.

एकतीस वर्षं बडोद्याच्या कोर्टात
मी लोकांचे जबाब टाइप केले.
‘सत्यप्रतिज्ञेवर सांगते की’ एवढं
माझी बोटं झोपेतही मारतील.
कुठल्या शब्दावर वकील बोट ठेवतो, ठाऊक आहे.
म्हणून वरच्या खोलीतली ही पोरगी
जिना उतरून आली, छातीशी प्लास्टिकची फाइल:
आँटी, मला उलटसुलट विचारा.

घरी शेवटचा फोन कधी?
‘चोवीस असद.’
असं नाही चालायचं. इंग्रजी तारीख.
ती बोटांच्या पेरांवर मोजते, चुकते, पुन्हा मोजते.
मी कपाटातून जुनं पंचांग काढते,
शके एकोणीसशे त्रेचाळीस, वाळवीनं कोपरा खाल्लेलं.
तिचे महिने म्हणजे राशीच निघाल्या.
हमल मेष, असद सिंह,
मीझान म्हणजे आमची तूळच, तराजूसकट.
फक्त तिचा सूर्य
माझ्या सूर्याच्या तीन-साडेतीन आठवडे आधीच घर बदलतो.
त्या दिवशी तिच्याकडे सिंह लागून चोवीस दिवस झाले होते,
माझ्या पंचांगात तो अजून कर्केतच.
पंधरा ऑगस्ट.
खाली सोसायटीत झेंडावंदन चाललं होतं, बुंदीचे पुडे,
आणि वर हिच्या फोनमधून बाबा सांगत होते,
परीक्षा झाली तरी येऊ नकोस.

तुमच्या घराचं दार कोणत्या रंगाचं?
‘निळं.’
परवा हिरवं म्हणालीस.
गप्प.
हे बघ, इथेच धरतात माणसाला.
‘हिरवंच होतं. कुणीतरी रात्री खूण करून गेलं त्यावर.
बाबांनी उजाडायच्या आत निळं रंगवलं.
निळं मी पाहिलं नाहीये. फोटोत पाहिलंय.’
मग हे आधी का नाही सांगितलंस?
‘तुम्ही रंग विचारलात.’

मी वहीत लिहिते: आधी हिरवं, मग निळं.
खोडते. पुन्हा तेच लिहिते.

‘रडू आलं तर त्यांना खरं वाटेल की खोटं?’
कोर्टात दोन्ही प्रकार पाहिले मी.
कागदावर मात्र एकच ओळ यायची:
साक्षीदारास पाणी देण्यात आले.

मग तिनं चष्मा माझ्या नाकावरून काढला,
स्वतःच्या नाकावर चढवला.
तुमचं मूळ गाव?
आडिवरे.
पाहिलंय?
नाही गं. पणजोबा आले इकडे,
गायकवाडांच्या खजिन्यात कारकून म्हणून.
कोणत्या साली?
कोण जाणे.
पुरावा?
एक हंडा होता, नाव कोरलेला. घासून घासून गेलं नाव.
मग परत का जात नाही तुम्ही?
मला हसू आलं.
तिनं पेन्सिलीनं लिहून घेतलं: हसल्या.

दहा वाजले. दूध विरजायचं राहिलंच.
ती जिना चढते आहे, पायरीला एक उत्तर,
नाव, वडिलांचं नाव, शाळा, दोन्ही रंग, तारीख.
मध्येच थांबते, वाकून विचारते,
आँटी, सध्याचा पत्ता?
सांग ना, फतेहगंज, देना बँकेची गल्ली.
‘ती बँक तर आता नाहीये.’
नसू दे. रिक्षावाल्यांना कळतं.
‘आणि त्यांना?’

विरजणाचा चमचा हातात धरून
मी वहीत बँकेभोवती गोल करते.
उद्या विचारू म्हणते कुणालातरी,
नसलेली जागा फॉर्मात कशी लिहितात.