कल्हई

एकोणीस वर्षं सोहारच्या या प्लांटवर
मी पाण्याला एकच विचारत आलो,
किती आंबट?
समुद्र आत येतो तेव्हा आठ पूर्णांक एक.
मीठ काढून घेतलं की बापडं सहाच्या खाली जातं,
मग त्याला चुनखडी चारायची,
पुन्हा माणसांत आणायचं.
रोज पहाटे तीन बाटल्या, लाल चार, पिवळी सात, निळी दहा.
यंत्राची जीभ त्यांत बुडवून
आधी तिलाच खरं बोलायला शिकवायचं.

आता माझ्याच रक्तात कुणीतरी
तोच प्रश्न घेऊन हिंडणार आहे.

मस्कतला डॉक्टर बुदूर यांनी
रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढलं.
गाठ स्वादुपिंडावर. नावातच चव.
उतावळी आहे, म्हणाल्या,
साखर मिळेल तितकी गिळते, धड जाळत नाही,
आणि आंबट उष्टं दारातच ओतते.
रक्त सात पूर्णांक चार,
तिचं अंगण साडेसहा.
एवढाच फरक. एवढ्यावरच तिला ओळखायचं.
मग टेबलावरचं वाळकं काळं लिंबू
माझ्या हातात ठेवलं, का कोण जाणे.
हलवलं तर आत बिया वाजल्या.

औषध एका पातळ थरात गुंडाळलेलं.
ते सगळ्या वाटांनी मिटल्या तोंडी जाईल,
काळजाशी बोलणार नाही, केसांच्या मुळांशी नाही.
आंबट लागेल तिथे थर सुटेल.

मी म्हटलं, कल्हई!
हिंदीत सांगून पाहिलं, मोडक्या अरबीत सांगून पाहिलं,
तांबं, नवसागर, धूर, कापसाचा बोळा,
हवेत हात गरागरा फिरवून दाखवला.
गुहागरच्या नाक्यावर भट्टी लावून बसायचा इस्माइल,
आई पातेल्यात स्वतःचं तोंड दिसेपर्यंत पैसे द्यायची नाही.
कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं,
हिरवट, जिभेवर जुन्या पैशासारखं.
तिथला थर माणसाला आंबटापासून राखणारा.
इथे आंबट भेटलं की थरानेच उठून जायचं.
उलटी कल्हई, डॉक्टर.
त्या हसल्या. कळलं असेल असं नाही.

वचन मात्र दिलं नाही.
थोडं वाटेत सांडतं.
थोडं पोचूनही उघडत नाही.
अजून प्रयोगच आहे, सही इथे.
मी सही केली, तारीख घातली, सवयीने वेळही.
नमुना घेतला की वेळ लिहावीच लागते.

परतताना याकूब परकारची पिकअप,
उजवीकडे न दिसणारा समुद्र,
डावीकडे खजुरी, टायरची दुकानं, पुन्हा खजुरी.
सुवैकपर्यंत तो बोलला नाही.
मग म्हणाला, घरी?
मी काच खाली केली. गरम वारा आत आला.

शालनला सांगितलेलं नाही.
रोज रात्री साडेआठला तिचा चेहरा फोनवर उजळतो.
पोरीची फी, तुंबलेलं गटार, मिक्सरचा आवाज,
आणि मी या सगळ्यातून
मिटल्या तोंडी पार होतो.
हा देशही मला असाच पार होऊ देत आला,
कार्डावरचा नंबर तपासून, पुढे.
ते बरंच वाटायचं.

काल याकूबने त्याच्या बायकोने दापोलीहून धाडलेली आमसुलं
स्टीलच्या मगात भिजत घातली,
मीठ, चिमूटभर जिरं, काही न विचारता समोर ठेवली.
शालन तिकडे काहीतरी सांगत होती.
मी पहिला घोट घेतला.

ती सांगता सांगता थांबली.
"काय झालं? फार आंबट आहे का?"

"हो," म्हणालो.
आणि मग बऱ्याच वेळाने,
"ऐक."