पिन आसा?

डिचोलीच्या बाजारात, मासळीचा वास संपतो तिथे
माझे दुकान. फळी उचलून आत शिरावे लागते, एवढेच.
येणारा काउंटरवर एकच शब्द टाकतो:
"पिन आसा?"
मी वर न बघता विचारते, "खंयची?"

शाळेतल्या पोरीला हवी असते ओढणीची,
तिच्या आईला मंगळसूत्राची तार तुटली
तेव्हापासून सोनाराकडे जाईपर्यंतची.
पंचायतीतल्या क्लार्कला स्टेपलरची, दोन डब्या, बिलासकट.
चार्जरवाल्या पोराला बारीक की जाड तेच ठाऊक नसते,
हवेत बोटाने भोक काढून दाखवतो.
पेर्पेतबाय अजून आल्फिनेत म्हणते;
तोंडात सहा धरून बोलते, एकही गिळत नाही,
आणि नवरीचा पांढरा झगा
नवरीच्या अंगावरच लहान करते.
स्टोव्हची पिन आता कुणी मागत नाही.
एक पुडा उरलाय. टाकवत नाही.

बापाने खोक्यांवर मराठीत नावे घातली होती,
शाळामास्तरासारख्या अक्षरात:
टाचणी. काटा. चूक. आकडा.
चूक म्हणजे बारीक खिळा. लहानपणी मला वाटायचे,
आमच्याकडे चुका तोलून मिळतात,
पन्नास ग्रॅमपासून पुढे.
आकडा म्हणजे अंबाड्यातला, काळा, दोन पायांचा,
चवथीच्या आधी डझनांनी खपणारा.

बुधवारी, ऐन गर्दीत, सोयरू आला.
खाणीवर तीस वर्षे ट्रक चालवलेला माणूस,
अजून डावीकडे बघितल्याशिवाय रस्ता ओलांडत नाही,
उजवीकडे बघायचे विसरतो.
"पिन दी गे."
"खंयची?"
त्याने पासबुक काढले, पासबुकातून कार्ड.
"बँकेतली पोर म्हणते, पिन घाल.
दोनदा घातली. चुकली म्हणते.
तिसऱ्यांदा चुकली तर कार्ड आतच राहील म्हणे.
म्हटले, तुझ्याकडे असणार.
माझ्या सगळ्या पिनी तुझ्याकडच्याच."

मागची बाई हसली.
मला हसू येईना. कारण खरेच होते ते:
खाण चालू होती तेव्हा बापाने ट्रकवाल्यांसाठी
कॉटर पिनींचा एक डबा ठेवला होता,
आणि बाप उधारी नावावर लिहीत नसे.
सोयरू गावात चार. गाडी ज्याची त्याची.

"कार्ड कोणी करून दिले?"
"थोरल्याने. म्हणाला, बाबा,
तू मेलास तरी विसरणार नाहीस असा आकडा घातलाय."

वही फळीच्या खाली होती, वाळवीने कडा खाल्लेली.
पान सापडले. मी बोलले काही नाही,
वही फक्त त्याच्याकडे फिरवली.
चार आकडे, पुढे बापाचे अक्षर:
कॉटर पिन, दोन. बाकी.

सोयरूने बोट ठेवले. ओठ हलले.
"भंगारात गेली ती," म्हणाला,
"हॉर्नसुद्धा काढून घेतला नाही मी."
मग तो आकडा मोठ्याने म्हणणार इतक्यात
मी त्याच्या हातावर चापट मारली,
आजोबाच्या वयाच्या माणसाला.
"कुणाला सांगायचा नसतो!"
"तुका सांगूंक जाय?" तो म्हणाला. "तुझ्याच वहीत आसा."

तो गेला, डावीकडे बघत.
आकडा मी इथे लिहीत नाही.
ती दोन पाने एकमेकांवर ठेवून
टाचणी मारली, आरपार, दोनदा.
गंजेल. तांबडा डाग पडेल, खाणीच्या धुळीसारखा.
पडू दे.

"आता माझे आकडे दे," मागची बाई म्हणाली, "डझनभर."
मोजताना नऊनंतर मी कुठे होते कोण जाणे.
तिने घरी जाऊन मोजले असतील
तर अकरा भरले असतील, नाहीतर तेरा.