विसण

फाटकावर पाटी: वर्षावन उद्यान.
खाली बारीक अक्षरांत, गरम पाण्याचं कुंड, डावीकडे.
माघ सरत आला होता. साग उघडे,
पायाखाली पापड मोडावेत तशी पानं.
यशोधन म्हणाला, आत्या, पुस्तकातलं असं नव्हतं.

दांडिया बाजारातून सहालाच निघालो होतो,
हालोल गेलं, शिवराजपूर गेलं,
आईकडे गुडघ्यांसाठी तेलाची बाटली,
माझ्याकडे शेव-उसळीचा डबा,
नानांकडे काहीच नाही.
सुट्टीला रिकाम्या हातांनी जायचं असतं
असं त्यांचं मत, आणि सुट्ट्या त्यांनी
मोजून घेतलेल्या.

वर्षावन निघालं हिरव्या जाळीखालचं:
नेचे, दोन केळी, अळूचं एक बेट,
वर काळी नळी, नळीला भोकं,
दर दहा मिनिटांनी पाऊस.
आम्ही भिजलो. नाना भिजले नाहीत,
नळीच्या मागं मागं गेले आणि पंप बघून आले.
अर्ध्या हॉर्सपॉवरचा आहे, म्हणाले, ग्लँड गळतोय.
माळ्यालाही सांगितलं. तो हो हो म्हणाला,
पाहुण्यांना म्हणतात तसं.

मग डावीकडे.
वाफ लांबूनच दिसली
आणि नानांची चाल बदलली.
चौतीस वर्षं गोरव्याच्या कारखान्यात बॉयलरवर.
वाफ दिसली की आधी काटा बघायचा,
मग माणसं.
इथं काटाच नव्हता.
खडकाला एक फट, कडेनं केशरी शेवाळ,
आणि पाणी बुडबुडतंय,
कुणी बाई आधण ठेवून
शेजारी गप्पा मारायला गेल्यासारखं.
नानांनी कुंडाला फेरी घातली,
देवळाला घालतात तशी नाही,
उलटी, वाकून, सांधे तपासत.
कोळसा कुठून घालतात, त्यांनी विचारलं.
आम्ही हसलो.
ते हसले नव्हते.

काठावर रेवलीबेन राठवा,
गार पाण्याच्या दोन घागरी, एक पितळी तांब्या.
दहा रुपयांत विसण.
धीमे धीमे पग मूको, काका, ती म्हणाली.

नानांचा उजवा तळवा
चौऱ्याऐंशी सालापासून बधिर आहे.
दिवाळीच्या आदल्या रात्री वाफेनं गेला,
त्याला ऊन-गार कळत नाही.
थंडीत आमच्या अंघोळीची बादली
ते कोपरानं बघायचे.
कोपर बुडवायचे, डोळे मिटायचे,
आणि आत आईला सांगायचे:
अजून अर्धा तांब्या.
मला वाटायचं सगळ्यांचेच वडील
कोपरानं बघतात.
पाचवीत वर्गात सांगितलं, तेव्हा कळलं.

यशोधन चपला काढून तयार.
थांब, नाना म्हणाले.
सदऱ्याची बाही दुमडली, एकदा, अजून एकदा,
गुडघे टेकले (ते वाजले),
रेवलीबेननं दगडी खळग्यात ओतलेल्या पाण्यात
कोपर घातलं.
आई तेलाची बाटली धरून उभी.
मीही डोळे मिटले, का कोण जाणे.

अजून दीड तांब्या.

आवाज तोच होता.
आईनं हात पुढे केला, नेहमीसारखा,
आणि रेवलीबेननं मुकाट्यानं
तांब्या तिच्याकडे दिला.
मग पोराचे पाय, मग आईचे गुडघे,
सगळ्यांत शेवटी नाना,
पँट पोटऱ्यांपर्यंत,
अवघडून, जणू कामाच्या वेळेत बसलेत.

येताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही.
उसळीचा डबा तसाच परत आला.

रात्री दोनला स्वैपाकघरात दिवा दिसला.
रात्रपाळीत ही त्यांची काटा लिहायची वेळ.
पेला हातात, पाय अजून
घोट्यापर्यंत लालसर.
तिथं रात्रपाळीला कोणीच नसतं, ते म्हणाले.
मी म्हटलं, नसतं.
बराच वेळ नळ ठिबकत राहिला
आणि नवल म्हणजे, त्यांनी तो घट्ट केला नाही.
पेला उपडा घातला.

आत्ता चालू असेल, म्हणाले.