रिकाम्या गाडीचं वजन

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजाराच्या मागच्या गेटला
एक वजनकाटा आहे. त्याच्या केबिनमध्ये
एक म्हातारा संगणक, ज्याचा पंखा घरघरतो
म्हणून हसुराम मढवी त्याच्या डोक्यावर वही ठेवतात.
वही काढली की घरघर वाढते, असं त्यांचं म्हणणं.
मी पडताळून पाहिलं. वाढते.

या यंत्राला इम्पोर्ट कळत नाही.
पहिल्याच ओळीवर अडतं
आणि लाल अक्षरांत ओरडतं, हा कोण?
नवा नोड त्याच्यावर चढत नाही,
काट्याची वायर नव्या यंत्राला बसत नाही,
आणि मालक म्हणतात, चाललंय ना, मग?

म्हणून महाप्यात, सहाव्या मजल्यावर,
मी नव्याचं जुनं करत बसले आहे.
एकेचाळीस फायली.
असलं काम कुणी बायोडेटात लिहीत नाही.

इम्पोर्ट म्हणजे लग्नाचा बस्ता:
काय काय लागणार ते मांडव पडायच्या आधीच ठरलेलं.
रिक्वायर म्हणजे फोडणी तडतडत असताना
वाटी घेऊन शेजारच्या दारात उभं राहणं.
दोन्हींनी संसार होतो.
पण बस्त्याची माणसं वाटीवर आणताना
हात जरा कापतो.

नव्यात एखाद्याला नावच नसतं,
'हेच ते' एवढी ओळख पुरते.
जुन्यात त्याला डिफॉल्ट हेच नाव चिकटतं,
जसं आमच्या निलंग्यात एकाला सगळे बाळ म्हणायचे
आणि एकसष्टाव्या वर्षी
मतदारयादीतही बाळच लागलं.

नव्याला उंबऱ्यावर थांबता येतं,
आतून उत्तर येईपर्यंत.
जुन्याला उंबऱ्यावर थांबणं माहीत नाही.
मी त्या थांबण्यासाठी वेगळी खोली बांधली
आणि तिच्या दाराला कडी घातली.

शुक्रवारी सगळं हिरवं झालं.
शनिवारी पहाटे साडेपाचला फोन:
"आगो पोरी, कांद्याबरोबर तू ट्रक पन विकलास."

पावती पाहिली.
भरलेली गाडी सोळा हजार तीनशे वीस.
रिकामी गाडी शून्य.
निव्वळ कांदा सोळा हजार तीनशे वीस,
चाकं, टप, क्लीनर आणि हॉर्नसकट.

चूक माझीच होती, एका महिरपी कंसाची.
नव्यात नाव मागवलं की नावामागचा माणूस जिवंत येतो:
तिकडे आकडा बदलला की इकडेही बदलतो.
जुन्यात कंस उघडून नाव बाहेर काढलं
की येतो त्या क्षणाचा फोटो.
मी सकाळच्या शून्याचा फोटो काढला होता
आणि दिवसभर तोच पाहून विचारत होते,
गाडी रिकामी झाली का?

रिक्षाने तुर्भ्याला गेले. केबिनमध्येच बसले, वहीखाली.
कंस काढले. आता नाव सुटं धरायचं नाही,
अख्खा काटा धरायचा हातात
आणि दर वेळी त्यालाच विचारायचं, आत्ता किती?
काट्यालाही बजावलं:
आतला आकडा बदललास की तो बाहेरही मांड,
इथे कुणी आपणहून डोकावत नाही.

लासलगावचा ड्रायव्हर तोवर
स्टेअरिंगवर डोकं टेकून झोपला होता.
त्याला उठवून गाडी पुन्हा चढवली.
सहा हजार एकशे ऐंशी.
हसुराममामांनी आधी स्वतःच्या वहीत वजाबाकी केली,
मग माझ्या पडद्याकडे पाहिलं.
दहा हजार एकशे चाळीस.
दोन्हीकडे.
ते काही बोलले नाहीत. मला चहा सांगितला, कमी साखरेचा,
मी कमी साखर म्हटलं नव्हतं.

गाडी उतरली. आकडा घसरत खाली आला
आणि चाळीसवर थांबून राहिला.
माझा हात कीबोर्डकडे गेला.
"रव दे," ते म्हणाले,
"तो चालीस तुजा नाय.
चिखलाचा हाय."
आणि झाडू घेऊन बाहेर गेले.